कोठाराचे घर होण्यापूर्वी

विशेष प्रतिनिधी

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील नक्षीदार कोठारे, तबेले आणि गोठे यांचे रूपांतर निवासस्थानांत, कार्यालयांत आणि समारंभगृहांत होत आहे. मात्र त्यांपैकी अनेक इमारतींमध्ये पहिली वीट हलविण्यापूर्वी एक अभ्यासक मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन येतो. तो काय टिपतो, ते का टिपावे लागते आणि जुन्या वाड्यांचा निरोप घेणाऱ्या आपल्या शहरांनी त्यातून काय घ्यावे, याचा हा मागोवा.

दोन डुकरांसाठी ग्रीक मंदिर बांधावे, ही कल्पना कोणाला सुचेल? यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, रॉबिन हूड्स बे या गावाजवळ राहणाऱ्या बॅरी नावाच्या जमीनदाराला ती सुचली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने दर्शनी बाजूस खांबांची रांग आणि वर त्रिकोणी शिरोभाग असलेला डुक्करखाना उभारला. आज तेथे डुकरे नाहीत. जुन्या वास्तूंची दुरुस्ती करून त्या सुटीतील मुक्कामासाठी भाड्याने देणाऱ्या लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने ही इमारत हाती घेतली. आता तेथे पर्यटक उतरतात आणि खांबांमधून दिसणारी दरी न्याहाळत चहा घेतात.

उदाहरण विक्षिप्त वाटले, तरी त्यातील स्थित्यंतर अपवादात्मक नाही. ज्या इमारतींत एके काळी गव्हाची मळणी होई, घोडे बांधले जात, दूध तापे, त्या इमारती आज घरे, कार्यशाळा, विवाहसोहळ्यांची सभागृहे झाल्या आहेत. हे रूपांतर वाईट आहे असे नव्हे. वापर संपलेली इमारत छप्पर गळू लागल्यावर काही वर्षांत कोसळते. नवा वापर मिळाला तर ती उभी राहते. परंतु उभी राहताना ती बदलते आणि त्या बदलात तिच्या जुन्या आयुष्याचा पुरावा पुसला जातो. तो पुसला जाण्यापूर्वी नीट वाचून ठेवावा, हा दस्तऐवजीकरणामागील साधा विचार आहे.

शेतीला लाभलेला राजेशाही साज

मुळात शेतीच्या इमारतींवर एवढी नक्षी का असावी? याचे उत्तर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या अर्थकारणात आहे. जमीन हाच तेथील उमरावांच्या संपत्तीचा आणि राजकीय वजनाचा पाया होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारित शेती हा प्रतिष्ठेचा विषय बनला. पिकांची फेरपालट, चाऱ्याची पिके, जनावरांची निवडक पैदास यांवर उमराव चर्चा करू लागले आणि आपली शेती कुळांसाठी आदर्श ठरावी म्हणून नामवंत वास्तुविशारदांकडून तिच्या इमारती बांधून घेऊ लागले. अशा शेतीला ‘मॉडेल फार्म’ म्हटले जाई.

नॉरफोक परगण्यातील होल्कम येथील भव्य कोठार हे त्याचे ठळक उदाहरण. ‘कोक ऑफ नॉरफोक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थॉमस कोक यांच्यासाठी वास्तुविशारद सॅम्युअल वायट यांनी ते १७९० च्या सुमारास उभारले. होल्कमला मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या निमित्ताने भरणारा मेळावा १८२१ पर्यंत चालू होता. लांबलांबचे शेतकरी आणि पाहुणे त्यास हजेरी लावीत. अशा शेतीवरील कोठार म्हणजे केवळ धान्याची जागा राहत नसे. ते मालकाचे प्रदर्शनगृहही असे. याच वायट यांनी स्टॅफर्डशायरमधील शगबरो येथेही उमरावाच्या जमिनीवर अशीच आदर्श शेती उभारून दिली.

काहींनी इमारतींतून राजकारणही केले. कंब्रिया परगण्यातील ग्रेस्टोक येथे नॉरफोकच्या अकराव्या ड्यूकने तटबंदीसारख्या दिसणाऱ्या शेतघरांना ‘फोर्ट पुटनम’ आणि ‘बंकर्स हिल’ अशी नावे दिली. ही नावे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील. ब्रिटिश राजसत्तेविरुद्ध लढणाऱ्यांची बाजू घेणाऱ्या या ड्यूकने आपले मत चक्क गोठ्याच्या भिंतींवर मांडले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. श्रॉपशायरमधील टाँग येथे तर कोंबड्यांसाठी पिरॅमिड बांधला गेला. त्याचा काळ १८४२ चा.

१८४६ मध्ये परदेशी धान्यावरील जकातीचे कायदे रद्द झाले. स्वस्त आयातीला तोंड द्यायचे तर अधिक भांडवल घालून अधिक उत्पादन काढले पाहिजे, असा विचार त्यानंतर बळावला. शेतीकडे कारखाना म्हणून पाहिले जाऊ लागले. ऑक्सफर्डशायरमधील कोलशिल येथे १८५० च्या दशकात बांधलेली शेती या विचाराचा उत्तम नमुना आहे. तेथे उताराचा उपयोग करून इमारती वेगवेगळ्या पातळ्यांवर रचल्या गेल्या. कापलेले पीक वरच्या पातळीवर आत येई, तेथे मळणी आणि दळणाची कामे होत, धान्य आणि चारा खाली उतरून जनावरांपर्यंत पोहोचे आणि शेण सर्वांत खालच्या अंगणात जमा होई. ओझे वाहण्याचे बरेचसे काम अशा रीतीने गुरुत्वाकर्षणाकडे सोपविले होते.

राजघराणेही मागे नव्हते. राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी विंडसर येथील शेतीच्या इमारती नव्याने बांधून घेतल्या. त्यांपैकी फ्रॉगमोर येथील १८५८ ची रॉयल डेअरी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. जॉन थॉमस या शिल्पकाराने तिची सजावट योजली. भिंतींवर मिंटन कंपनीच्या रंगीत टाइल्स, कारंजी, राजपुत्र-राजकन्यांच्या मुखाकृतींची पदके, असा थाट केवळ दूध थंड ठेवण्यासाठी! अर्थात टाइल्सचा उपयोगही होता. त्या पुसून स्वच्छ ठेवणे सोपे आणि त्यामुळे खोली गार राही.

नक्षी नव्हे, यंत्रणा

येथेच या विषयाचा गाभा आहे. शेतीच्या इमारतीवर जे शोभेचे वाटते, ते अनेकदा कामाचे असते. विटांच्या भिंतीत चौकटी, हिरकण्या किंवा त्रिकोण यांच्या आकारात सोडलेली भोके दुरून जाळीदार नक्षीसारखी भासतात. प्रत्यक्षात त्यांतून हवा खेळती राहते. ओलसर गवत बंदिस्त जागेत साठविले तर ते आतून तापते आणि पेटही घेऊ शकते. ही भोके म्हणजे कोठाराचे श्वसनमार्गच होत.

छताच्या त्रिकोणी भिंतीत उंचावर दिसणारे छोटे गोल भोक घुबडासाठी असे. घुबड आत आले की उंदरांचा बंदोबस्त आपोआप होई. तबेल्यावरील ऐटदार मनोऱ्यात घड्याळ किंवा घंटा असे. तिच्यावर मजुरांची कामाची वेळ चाले. शिरोभागावर ओळीने कोरलेले कप्पे म्हणजे कबुतरखाना. कबुतरांचे मांस खाल्ले जाई आणि विष्ठा खत म्हणून शेतात जाई.

मळणीच्या कोठाराला समोरासमोर दोन उंच दारे असतात. एका दारातून भरलेली गाडी आत येई. दोन दारांमधल्या लाकडी किंवा दगडी जमिनीवर, म्हणजे आपल्या भाषेत बंदिस्त खळ्यावर, हिवाळाभर दांडक्यांनी झोडपून मळणी चाले. दोन्ही दारे उघडली की वाऱ्याचा झोत सुरू होई आणि धान्य उफणता येई. उत्तर इंग्लंडमध्ये कोठाराला लागून एक गोल किंवा अनेक कोनांची खोली दिसते. मळणीयंत्र फिरविण्यासाठी तेथे घोडे गोल गोल चालत. आपल्याकडील घाण्याच्या बैलासारखाच हा प्रकार. मळणीयंत्राचा यशस्वी नमुना स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकल यांनी १७८६ च्या सुमारास तयार केला. या यंत्रामुळे हिवाळ्यातील रोजगार बुडालेल्या मजुरांनी १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये यंत्रांची मोडतोड केली. म्हणजे त्या गोल खोलीच्या भिंतीत केवळ तंत्रज्ञानाचा नव्हे, तर एका सामाजिक संघर्षाचाही इतिहास आहे.

इमारती ओस का पडल्या?

१८७० च्या दशकापासून अमेरिकेच्या गवताळ मैदानांतून आलेल्या स्वस्त धान्याने इंग्लंडमधील शेतीचे कंबरडे मोडले. नव्या बांधकामांचा ओघ आटला. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरने घोड्यांची जागा घेतली आणि तबेले रिकामे झाले. कापणी व मळणी एकत्र करणाऱ्या कंबाइन हार्वेस्टरमुळे मळणीच्या कोठाराचे मूळ कामच संपले. नवी यंत्रे जुन्या दारांतून आत जाईनात. शेतकऱ्याने बाजूला लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड उभारली आणि जुनी इमारत अडगळीसाठी ठेवली.

दुसरीकडे शहरांत राहून कंटाळलेल्या, हाती पैसा असलेल्या वर्गाला खेड्यातील जुन्या वास्तूत राहण्याचे आकर्षण वाटू लागले. शेतकऱ्याला जी इमारत ओझे होती, ती विकसकाला संधी दिसू लागली. १९८० च्या दशकात संरक्षित इमारतींच्या याद्यांची मोठी फेरतपासणी झाली आणि शेतीच्या पुष्कळ इमारती त्यांत आल्या. परंतु यादीत नाव आल्याने छताची डागडुजी होत नाही. त्यासाठी उत्पन्न देणारा वापर लागतो.

रूपांतर काय पुसते?

घर म्हटले की खोल्या हव्यात, खिडक्या हव्यात, ऊब हवी. कोठाराचे सौंदर्य नेमके याच्या उलट गोष्टींत असते. टोकापासून टोकापर्यंत एकसंध पोकळी, भिंतीत जवळपास एकही खिडकी नाही, वर लाकडी कैच्यांची रांग उघडी. रूपांतरात या पोकळीत मजले आणि विभाजक भिंती येतात. हवेच्या भोकांना काच लागते किंवा ती बुजतात. थंडी रोखणाऱ्या थराखाली विटांचा आतला पृष्ठभाग झाकला जातो. जमिनीखाली उष्णतेच्या नळ्या टाकण्यासाठी जुनी फरसबंदी उखडली जाते. तिच्यासोबत घोड्यांच्या उभे राहण्याच्या जागा, मुताच्या चरी आणि गव्हाणींच्या खुणा जातात.

यांतील काही गोष्टी चांगला वास्तुविशारद वाचवू शकतो. सर्व वाचविणे कोणालाच शक्य नसते. म्हणून परवानगी देताना स्थानिक नियोजन प्राधिकरण अनेकदा अट घालते, की इमारतीचा अभ्यासपूर्ण दस्तऐवज तयार होईपर्यंत काम सुरू करू नये. त्याचा खर्च विकसकाने करायचा असतो.

नोंद कशी होते?

काम कसे होईल याचा लेखी आराखडा आधी तयार होतो आणि प्राधिकरणाचे पुरातत्त्व सल्लागार तो तपासतात. कोणत्या खोलीपर्यंत जायचे याच्या चार पातळ्या ठरलेल्या आहेत. इंग्लिश हेरिटेज या संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि तिच्या वारसदार ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ने २०१६ मध्ये सुधारलेली मार्गदर्शिका त्यासाठी आधारभूत मानली जाते. पहिली पातळी म्हणजे मुख्यतः बाहेरून पाहून केलेली प्राथमिक नोंद. दुसरी वर्णनात्मक असून तिच्यात आतील भागही पाहिला जातो. तिसरी विश्लेषणात्मक असते. तिच्यात इमारत कोणत्या टप्प्यांत बांधली आणि बदलली गेली, हे पुराव्यांनिशी मांडावे लागते. चौथ्या पातळीवर त्या इमारतीचा व्यापक सामाजिक, आर्थिक आणि वास्तुशास्त्रीय संदर्भही तपासला जातो. इमारतीचे महत्त्व आणि होणारा बदल यांच्या प्रमाणात पातळी निवडायची, हे सूत्र आहे.

प्रत्यक्ष जागेवर पहिले काम मोजणीचे. नकाशे साधारणपणे १:१०० किंवा १:५० या प्रमाणात, तर नक्षी आणि सांधे यांचे तपशील अधिक मोठ्या प्रमाणात काढतात. आता लेसर स्कॅनिंगमुळे लक्षावधी बिंदूंची मोजमापे थोड्या वेळात घेता येतात. छायाचित्रांत मोजपट्टी ठेवली जाते, प्रत्येक छायाचित्राची दिशा आणि जागा नकाशावर दाखविली जाते. परंतु जाणकार सांगतात, की यंत्र भिंत मोजते, वाचत नाही. एका भिंतीच्या विटा दुसऱ्या भिंतीत गुंफलेल्या आहेत की नुसत्या टेकल्या आहेत, यावरून कोणती भिंत आधीची हे ठरते. तो निष्कर्ष डोळ्यांनी आणि अनुभवानेच काढावा लागतो.

मग सुरू होतो बारीकसारीक खुणांचा शोध. लाकडांवर रोमन अंकांसारख्या खाचा दिसतात. सुतार आपल्या अंगणात सांगाडा जुळवून पाहत, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक कोरत, मग तो सोडवून जागेवर पुन्हा उभा करीत. क्रमांक मध्येच तुटला असेल तर लाकूड नंतर बदलले किंवा दुसऱ्या इमारतीतून आणले, असे समजते. दाराजवळ पोत्यांचा, मेंढ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या उभ्या रेघा सापडतात. तबेल्यात घोड्यांची नावे रंगविलेली असतात. कोठे कंपासने कोरलेले, रांगोळीतल्या सहा पाकळ्यांच्या फुलासारखे चिन्ह आढळते. दुष्ट शक्तींपासून धान्याचे आणि जनावरांचे रक्षण व्हावे, या श्रद्धेशी अशा खुणांचा संबंध जोडला जातो. अशा खुणा कोठे आढळल्या तर कळवाव्यात, असे आवाहन हिस्टॉरिक इंग्लंडने २०१६ मध्ये जनतेला केले होते. या खुणा कोणत्याही राजपत्रात नाहीत. ज्यांनी त्या कोरल्या, त्यांचे दुसरे काही लिखाण बहुधा उरलेलेही नाही. गिलाव्याचा एक हात फिरला की त्या कायमच्या जातात.

लाकडाचे वय ठरविण्यासाठी त्यातून बारीक नळीसारखा नमुना काढून वार्षिक वलये मोजतात. जाड-बारीक वलयांचा क्रम ज्ञात क्रमाशी जुळला आणि सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते. ओकचे लाकूड पूर्वी ओले असतानाच वापरीत. त्यामुळे तोडणीचे वर्ष आणि बांधकामाचे वर्ष यांत फारसे अंतर नसते.

नोंदीने इतिहास बदलला

अशा नोंदींचा उपयोग काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. एसेक्समधील क्रेसिंग टेंपल येथील दोन प्रचंड लाकडी कोठारांची कथा त्याचे उत्तर देते. ही जागा मध्ययुगात टेंप्लर या लष्करी धर्मसंघाकडे होती. सेसिल ह्यूएट या अभ्यासकाने अशा इमारतींतील लाकडी सांध्यांचे शेकडो तपशील रेखाटले. सांध्यांची घडण काळानुसार बदलत जाते, तेव्हा सांध्यावरून इमारतीचा काळ ठरविता येईल, असे त्यांनी मांडले. त्यांचे सुतारकामाच्या विकासावरील पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे वैज्ञानिक कालनिर्णयातून क्रेसिंगची दोन्ही कोठारे तेराव्या शतकातील असल्याचे निश्चित झाले. एसेक्स कौंटी कौन्सिलने १९८७ मध्ये ही जागा विकत घेतली. सुताराच्या करवतीची आणि छिन्नीची भाषा कोणी तरी चिकाटीने उतरवून घेतली, म्हणूनच या इमारतींचे खरे मोल कळले.

एकेका इमारतीची नोंद एकत्र आली की प्रदेशाचा इतिहास उलगडतो. शेतीच्या जुन्या इमारतींचा अभ्यास करणाऱ्यांनी १९८५ मध्ये स्वतंत्र गट स्थापन केला. ऐतिहासिक वास्तूंच्या शाही आयोगाने निवडक भागांतील शेतांची पाहणी केली आणि तिच्यावर आधारित पॉल बार्नवेल व कॉलम जाइल्स यांचा १७५० ते १९१४ या काळातील इंग्लिश शेत-इमारतींवरील ग्रंथ १९९७ मध्ये आला. सुझाना वेड मार्टिन्स यांनी २००२ मध्ये मॉडेल फार्मचा इतिहास लिहिला. उमरावांच्या देखण्या कोठारांइतकेच सामान्य शेतकऱ्याचे गोठेही बोलके असतात, हे या अभ्यासांनी दाखवून दिले.

कायद्याची बाजू आणि पळवाट

इंग्लंडमध्ये १९९० मध्ये पुरातत्त्वविषयक आणि १९९४ मध्ये ऐतिहासिक इमारतींविषयीची शासकीय नियोजन मार्गदर्शक तत्त्वे आली. ‘नोंदीद्वारे जतन’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. हा शब्दप्रयोग सोयीचा होता आणि म्हणूनच धोक्याचाही. कागदावर जतन झाले ना, मग इमारत पाडायला हरकत काय, असा युक्तिवाद त्यातून सहज निघू शकतो. २०१२ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने त्यावर स्पष्ट भूमिका घेतली. वारसा पूर्णतः किंवा अंशतः नष्ट होणार असेल, तर विकसकाने त्याची नोंद करून ती लोकांना उपलब्ध करून द्यावी. मात्र नोंद करता येते, एवढ्या कारणावरून नाश होऊ द्यायचा की नाही हे ठरवू नये, असे त्यात म्हटले आहे. नोंद ही शेवटची जबाबदारी आहे, परवाना नव्हे, असा याचा अर्थ.

पण याच काळात दुसरे दारही उघडले गेले. घरांची टंचाई कमी करण्यासाठी २०१४ मध्ये शेतीच्या इमारतींचे घरांत रूपांतर करण्यास पूर्ण परवानगीच्या प्रक्रियेतून सवलत मिळाली. २०१५ पासून ही तरतूद ‘क्लास क्यू’ या नावाने ओळखली जाते. २०२४ मध्ये तिची मर्यादा वाढवून एका शेतावर दहा घरांपर्यंत नेण्यात आली. संरक्षित यादीतील इमारतींना ही सवलत लागू नाही. मात्र यादीत नसलेली, तरीही जुनी आणि माहितीने समृद्ध अशी असंख्य कोठारे तिच्या कक्षेत येतात. प्राधिकरणाने तपासायच्या बाबी येथे मोजक्याच असल्याने दस्तऐवजीकरणाची अट घालण्यास फारसा वाव उरत नाही. देखण्या, नामांकित इमारतींची नोंद होते आणि त्यांच्या साध्या शेजाऱ्यांची होत नाही, अशी ही विसंगती आहे.

विकसकांचीही एक बाजू आहे. वटवाघळे आणि घुबडे यांची पाहणी, बांधकामाची तपासणी, त्यात हा अहवाल. खर्च आणि विलंब वाढतो, अशी तक्रार असते. ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि, चांगला अहवाल वेळेवर झाला तर तो मालकाच्याही कामी येतो. कोणती भिंत मूळची, कोणती नंतरची, कोणत्या लाकडावर छताचा भार आहे, हे आधीच कळल्यास नव्या दाराची जागा शहाणपणाने निवडता येते. म्हणूनच जाणकारांचा आग्रह असतो, की इमारतीचा अभ्यास आराखडा मंजूर झाल्यानंतरची औपचारिकता म्हणून न होता आराखडा काढण्यापूर्वीच व्हावा.

अहवाल जातो कोठे?

नोंद कपाटात पडून राहिली तर ती न केल्यासारखीच. तयार झालेला अहवाल त्या परगण्याच्या ऐतिहासिक नोंद कार्यालयाकडे जातो. तेथे कोणाही नागरिकाला तो पाहता येतो. अनेक अहवाल यॉर्क विद्यापीठात १९९६ पासून कार्यरत असलेल्या पुरातत्त्वीय माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. संगणकीय माहितीचीही झीज होते. जुन्या पद्धतीच्या फाइल नव्या संगणकावर उघडत नाहीत. म्हणून मान्य स्वरूपात, पुरेशा वर्णनासह माहिती जमा करण्याचे नियम आहेत.

नोंदीचे महत्त्व कोलशिलने आणखी एका प्रकारे शिकविले. ज्या हवेलीच्या जिवावर तेथील आदर्श शेती उभी राहिली, ती सतराव्या शतकातील नामांकित वास्तू १९५२ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. त्या वेळी तिच्या नूतनीकरणाचे काम चालू होते. पुढे तिचे अवशेषही हटविण्यात आले. आज ती हवेली केवळ चित्रांत, छायाचित्रांत आणि मोजलेल्या आराखड्यांत शिल्लक आहे. शेतीच्या इमारती मात्र उभ्या आहेत. वास्तूच्या आयुष्यात सर्वांत नाजूक काळ नूतनीकरणाचा असतो, हा धडा त्यातून मिळतो.

आपल्या दारातला प्रश्न

हे सारे वाचताना पुण्या-नाशिकच्या वाचकाला जुने वाडे आठवले नाहीत तरच नवल. वाडा ही केवळ राहण्याची जागा नव्हती. गावाकडच्या वाड्यात शेतीचा सारा पसारा सामावलेला असे. भिंतीच्या पोटात धान्य साठविण्याची बळदे, जमिनीखाली पेवे, सोप्यालगतचा गोठा, माळ्यावरच्या कणग्या, दाराच्या चौकटीवरची कोरीव वेलबुट्टी. इंग्लंडच्या कोठारात जी माहिती विटांच्या भोकांत आहे, ती येथे बळदाच्या तोंडाशी आहे. किती धान्य येत होते, ते कोणापासून लपवावे लागत होते, दुष्काळाची भीती किती होती, हे त्या रचनेवरून उमगते.

आपल्याकडे संरक्षणाचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली केली. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून तो पुन्हा उभारला गेला. कोरीव दरवाजे आणि खांब तेथे जपले गेले आहेत. परंतु वस्तू वाचली तरी तिची जागा वाचतेच असे नाही. खांब कोणत्या चौकात होता, त्याच्या बाजूला काय होते, त्यावर किती मजले होते, हे मोजून ठेवले नसेल तर तो खांब सुंदर असूनही अबोल राहतो. पुनर्विकासाला निघालेल्या वाड्यांतील नक्षीदार लाकूड जुन्या बाजारात विकले जाते. बळद आणि पेव यांना तर तेथेही गिऱ्हाईक नसते.

वाडा पाडण्यापूर्वी त्याचा मोजलेला नकाशा, क्रमवार छायाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळालेली खोल्यांच्या वापराची माहिती सार्वजनिक ग्रंथालयात जमा करावी, अशी सर्वसाधारण पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी लेसर यंत्रे लागत नाहीत. वास्तुकला महाविद्यालयांतील विद्यार्थी मोजणीच्या अभ्यासासाठी जुन्या वास्तूंची रेखाटने करीतच असतात. ती शहराच्या अभिलेखागारात नीट जमा होऊ लागली तरी पुष्कळ साधेल. पहिल्या पातळीची नोंद म्हणजे काही तासांचे काम, चांगला कॅमेरा, एक मोजपट्टी आणि वहीची चार पाने.

इंग्लंडमधील व्यवस्थेतही त्रुटी आहेत, हे वर आलेच आहे. तरीही तिच्यातील एक तत्त्व कोठेही लागू पडेल असे आहे. इमारत बदलण्याचा अधिकार मालकाला असू शकतो. ती काय होती हे जाणण्याचा अधिकार मात्र त्याच्यापुरता मर्यादित नाही. इमारत रिकामी झाली आहे आणि कामगार अजून आलेले नाहीत, असे मोजकेच दिवस असतात. जे लिहून ठेवायचे, ते याच दिवसांत. त्यानंतर उरते ती नवी वास्तू. ती कितीही देखणी असली, तरी जुन्या वास्तूविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तिच्याकडे नसतात.